किचनची रेषा आणि आपले पाय : पिकलबॉलमधला नॉन-व्हॉली झोनचा नियम, टप्प्याटप्प्याने

"किचनमध्ये जायचं नाही." पिकलबॉल, म्हणजे पॅडलने प्लास्टिकचा चेंडू नेटपलीकडे मारायचा खेळ, शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी हे सांगतंच. किचन म्हणजे नेटलगतचा पट्टा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण नियम असा नाहीच. या एका वाक्यामुळे दोन प्रकारचे खेळाडू तयार होतात आणि दोन्ही मला कोर्टवर रोज दिसतात. पहिला नेटजवळ अलगद पडलेल्या चेंडूकडे रेषेमागून नुसता बघत राहतो. दोन पावलांत पोचला असता, पण पाय पुढे टाकायला धजत नाही. दुसरा एकदाचा आत जातो, चेंडू परतवतो, आणि तिथेच उभा राहून पुढचा चेंडू हवेतच मारतो. रॅली, म्हणजे सर्व्हपासून चेंडू मृत होईपर्यंतचा खेळ, दोघांचीही जाते.

हा नियम जागेचा कमी आणि फटक्याचा जास्त आहे. किचनमध्ये केव्हाही जा, हवा तेवढा वेळ उभे राहा. फक्त टप्पा पडण्याआधीच चेंडू मारताना, म्हणजे व्हॉली मारताना, तुमचा कुठलाही भाग किचनला लागलेला नको. आणि मारल्यानंतरच्या झोकात तो लागूही नये. नियम समजायला एक मिनिट पुरतं. तो पायांच्या अंगवळणी पडायला मात्र काही आठवडे जातात, आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. पहिले पाच टप्पे पक्के झाल्याशिवाय उड्यांकडे वळू नका.

## १. खेळण्याआधी : रेषा योग्य जागी आहे का?

पिकलबॉलचा कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब असतो. नेटपासून दोन्ही बाजूंना ७ फुटांपर्यंतचा पूर्ण रुंदीचा पट्टा म्हणजे नॉन-व्हॉली झोन, बोलीभाषेत किचन. रेषा २ इंच जाडीची असते, आणि ७ फुटांचं माप तिच्या मागच्या, म्हणजे बेसलाइनकडच्या कडेपर्यंत घेतात. याचा अर्थ सरळ आहे : रेषा किचनचाच भाग आहे. दोन्ही बाजूंच्या साइडलाइनचा किचनलगतचा तुकडासुद्धा किचनमध्येच मोजला जातो.

इथे एक चूक फार सर्रास होते. बॅडमिंटनच्या दुहेरीचा कोर्टही २० बाय ४४ फुटांचाच असल्यामुळे अनेक जण त्यावरच नेट खाली करून पिकलबॉल खेळतात. त्यात गैर काही नाही. पण बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा नेटपासून साडेसहा फुटांवर असते, सात नव्हे. तिलाच किचनची रेषा धरून सराव केला की पायांना अर्ध्या फुटाची चुकीची सवय लागते, आणि पुढे खऱ्या कोर्टवर दर दुसऱ्या व्हॉलीला बूट रेषेवर पडतो. मोजपट्टी घ्या, नेटच्या बरोबर खालून ७ फूट मोजा, आणि वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

नेटची उंचीही त्याच वेळी मोजून घ्या : कडेला ३६ इंच, मध्यभागी ३४ इंच. नेट उंच राहिलं तर चेंडू उंचावरून येतात, व्हॉली सोप्या वाटतात, आणि खऱ्या उंचीवर आल्यावर तुम्ही पुढे झुकायला लागता.

तपासा : बूट चिकटपट्टीच्या मागे ठेवून उभे राहा आणि जोडीदाराला बाजूने बघायला सांगा. बुटाचं टोक आणि पट्टी यांत जमिनीचा रंग दिसला पाहिजे. नुसतं "लागलेला नाही वाटतं" पुरेसं नाही.

## २. डोक्यात प्रश्नांचा क्रम बसवा

फॉल्ट, म्हणजे रॅली गमावणारी चूक, झाला की नाही यावरून कोर्टवर वाद होतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या टोकाने सुरुवात करतो. एक जण पाय कुठे होता ते सांगतो, दुसरा चेंडू कुठे होता ते. प्रश्न याच क्रमाने विचारा :

१) चेंडूचा टप्पा पडला होता का? पडला असेल तर किचनचा प्रश्नच मिटला. पाय कुठेही असोत, फॉल्ट नाही.

२) टप्पा पडला नसेल, तर मारताना अंगावरचं किंवा हातातलं काही किचनला लागलेलं होतं का? बूट, पॅडल, टोपी, चष्मा, सगळं यात धरायचं.

३) त्याआधी तो खेळाडू किचनमध्ये गेला होता का? गेला असेल, तर मारण्यापूर्वी त्याचे दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीला लागले होते का?

४) मारल्यानंतर झोकामुळे तो आत गेला का?

चेंडू किचनच्या वर होता की नव्हता, हा प्रश्न या यादीत नाही, आणि तो मुद्दाम वगळलेला आहे. किचन म्हणजे फक्त जमीन. तिच्यावरची हवा किचन नाही. रेषेमागे पाय घट्ट रोवून, हात पुढे लांबवून किचनवरचा चेंडू हवेत मारणं पूर्णपणे वैध आहे. ही बंदी आहे असं समजून मागे थांबणारे खेळाडू प्रतिस्पर्ध्याला फुकटचा वेळ देतात. बुटाचं टोक रेषेच्या वर हवेत असेल आणि टाच मागे टेकलेली असेल, तरीही फॉल्ट नाही. जमिनीचा स्पर्श झाला की मात्र फॉल्ट.

चेंडू परतवण्यात तुमच्या जोडीदाराच्या पायांचा काही संबंध नाही. तो किचनमध्ये उभा असताना तुम्ही बाहेरून व्हॉली मारू शकता. फक्त त्या फटक्यात किंवा त्याच्या झोकात तुमचा त्याला धक्का लागता कामा नये. किचनला टेकलेल्या कशालाही तुम्ही लागलात, तर तुम्हीच किचनला लागल्यासारखं आहे.

## ३. उभं कुठे राहायचं

रेषेला नाक लावून उभं राहू नका. शिकणाऱ्यांना "रेषेवर या" असं सांगितलं जातं आणि ते अक्षरशः रेषेवर येतात. बुटाच्या टोकापासून रेषेपर्यंत साधारण चार बोटं ते वीतभर जागा ठेवा. ही जागा तोल सावरायला लागणारी आहे. वजन तळपायाच्या पुढच्या भागावर, गुडघे थोडे वाकलेले, पॅडल छातीसमोर, कोपर अंगापासून थोडं पुढे. कंबर मागे, छाती पुढे, अशी सवय असेल तर ती आधी मोडा. त्या मुद्रेत प्रत्येक फटका तुम्हाला पुढे ओढतो.

रेषेपर्यंत पोचायचं कसं, हेही इथेच सांगायला हवं. सर्व्हचा टप्पा पडू द्यावा लागतो आणि तिच्या परतीचाही. त्यामुळे सर्व्ह करणारी जोडी सुरुवातीला मागे अडकते आणि तिसरा फटका मारून पुढे धावते. धावता धावता व्हॉली मारायची वेळ आली की पाय थांबत नाहीत आणि तीन पावलं आत जातात. उपाय एकच : प्रतिस्पर्ध्याचं पॅडल चेंडूला लागायच्या क्षणी, तुम्ही जिथे असाल तिथे, दोन्ही पाय टेकवून थांबा. रेषा अजून चार फूट दूर असली तरी चालेल. तिथून व्हॉली मारा, मग उरलेलं अंतर कापा.

सावध : मागे सरकताना उलटं चालत धावू नका. बाजूला वळून पावलं टाका. पिकलबॉलमध्ये पडून मनगट दुखावणारे बहुधा उंच चेंडूमागे उलटे पळताना पडतात.

## ४. झोक : सगळ्यात जास्त रॅली इथे जातात

हा टप्पा घाईने वाचू नका.

व्हॉली चेंडूला पॅडल लागलं की संपत नाही. पॅडल मागे नेणं, मारणं, पुढे जाणारा हात आणि त्या सगळ्याने शरीराला मिळालेला झोक, हे सारं एकाच कृतीत मोडतं. तुमचा तोल पूर्ण सावरला, हालचाल तुमच्या ताब्यात आली, किंवा किचनकडे जाणं थांबलं, की मग ती कृती संपते. त्याआधी बूट रेषेला लागला तर फॉल्ट.

एक रॅली डोळ्यांसमोर आणा. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू खांद्याएवढा उंच येतो. तुम्ही रेषेच्या वीतभर मागे आहात. हात पूर्ण मागे नेऊन जोरात मारता. चेंडू समोरच्या दोघांच्या मधोमध टप्पा घेऊन कोर्टबाहेर जातो. तुमचा जोडीदार ओरडतो, रॅली संपलेली आहे. आणि आता तुमचा उजवा पाय, ज्यावर सगळं वजन आलंय, तोल सावरायला एक पाऊल पुढे पडतो. टोक रेषेवर.

फॉल्ट. रॅली समोरच्यांची. "चेंडू तर आधीच मेला होता" हा युक्तिवाद इथे चालत नाही. चेंडू मृत झाल्यावरसुद्धा व्हॉलीच्या झोकात किचनला स्पर्श झाला तर तो फॉल्टच. मला हा नियम पटायला वेळ लागला. एका सामन्यात निर्णायक गुणावर मी असाच चेंडू मारला आणि डोक्यावरची टोपी पुढे उडून किचनमध्ये पडली. पाय बाहेरच होते. तरी रॅली गेली, आणि ती जायलाच हवी होती, कारण टोपी अंगावरची होती आणि झोकात पडली. तेव्हापासून मी टोपीचा पट्टा घट्ट करूनच कोर्टवर उतरतो. चष्मा घालणाऱ्यांनी दोरी लावावी.

झोक आवरायचा तर तो कमीत कमी तयार करायला शिका :

पॅडल खांद्याच्या मागे जाऊ देऊ नका. ते सतत तुमच्या डोळ्यांना दिसत राहिलं पाहिजे. फटका कोपरापासून मारा, छोटा आणि टणक, दारावर टकटक करावी तसा. मारण्याच्या क्षणी वजन दोन्ही पायांवर असू द्या. उंच चेंडूवर मोह होतोच, तेव्हा एक पाऊल मागे घ्या आणि मग मारा. मागे घेतलेलं ते एक पाऊल म्हणजे पुढे पडणाऱ्या पावलासाठी राखून ठेवलेली जागा.

आणि मारून झाल्यावर पुतळ्यासारखे थांबा. खरंच थांबा, मनात "एक" म्हणा. सरावात हे कृत्रिम वाटतं. पण पाय आपोआप पुढे टाकण्याची खोड यानेच सुटते.

तोल जातोय असं दिसलं तर जोडीदार मागून हात धरून तुम्हाला ओढू शकतो. ते वैध आहे, फक्त त्या वेळी तो स्वतः किचनच्या बाहेर हवा. हात हवेत फिरवून, एका पायावर तोलून तुम्ही बाहेर राहिलात तरीही ठीक. सुंदर दिसण्याची अट नाही.

तपासा : फोन रेषेच्या सरळ रेघेत, कोर्टच्या बाजूला, जमिनीलगत ठेवा आणि वीस व्हॉली चित्रित करा. समोरून केलेलं चित्रण उपयोगाचं नाही, त्यात रेषा आणि बूट यांतलं अंतर कळत नाही. किती फटक्यांनंतर बूट रेषेला लागला ते मोजा. शून्य येईपर्यंत जोर वाढवू नका.

## ५. आत जा, मारा, बाहेर या

आता पहिल्या खेळाडूची भीती घालवू. समोरून अलगद टाकलेला चेंडू किचनमध्ये टप्पा घेणार आहे असं दिसलं, की टप्प्याची वाट न बघता आत शिरा. मारण्याआधी आत असणं हा गुन्हा नाही. उशिरा निघालात तर चेंडू पायाशी पोचतो आणि खालून उचलावा लागतो, मग तो समोरच्याला उंच मिळतो.

एकच पाय आत टाकता आला तर उत्तम. दुसरा पाय रेषेमागे खुंट्यासारखा रोवून ठेवा, चेंडू परतवा, आणि पुढचा पाय मागे खेचा. दोन्ही पाय आत गेले तर बाहेर येणं दुप्पट लांबतं.

बाहेर येण्याचा नियम असा : किचनला स्पर्श झाल्यावर पुढची व्हॉली मारण्याआधी दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीला लागायला हवेत. दोन्ही. एक पाय मागे टेकला आणि दुसरा अजून हवेत आहे, तेवढ्यात व्हॉली मारली, तर फॉल्ट. त्या दुसऱ्या पायाचा शेवटचा स्पर्श किचनलाच होता. इथे बघणारेही फसतात, कारण मारण्याच्या क्षणी किचनमध्ये काहीच टेकलेलं नसतं.

बाहेर यायला वेळच मिळाला नाही तर? चेंडूचा टप्पा पडू द्या. हे बोलायला सोपं आहे, पण छातीवर येणारा चेंडू सोडून द्यायला मनाची तयारी लागते. आत अडकलेल्या खेळाडूकडे दोनच रस्ते असतात, टप्पा पडू देणं किंवा बाजूला होणं. बाजूला झालात तर चेंडू कदाचित बाहेर जाईल, कदाचित जोडीदार घेईल. हवेत मारलात तर रॅली नक्की जाते.

आतून चेंडू परतवल्यावर लगेच बाहेर यायलाच हवं असं नियम म्हणत नाही. पुढचाही चेंडू टप्प्यावरच घेणार असाल तर आतच राहा. पण समोरच्या जाणत्या खेळाडूने तुम्हाला आत पाहिलं की तो सरळ अंगावर मारतो, म्हणून बाहेर पडण्याची सवयच बरी.

सराव असा करा. जोडीदार एक चेंडू किचनमध्ये अलगद टाकेल, तुम्ही आत जाऊन परतवाल, तो लगेच दुसरा चेंडू छातीच्या उंचीवर देईल. प्रत्येक वेळी बाहेर येताना मोठ्याने "डावा, उजवा" म्हणा, आणि दोन्ही शब्द पूर्ण झाल्यावरच व्हॉली मारा. शब्द अपुरे राहिले तर चेंडू सोडा. पंधरा मिनिटांत जोडीदाराला कळेल की तुम्ही कुठल्या पायाला विसरता. बहुतेकांचा एकच पाय ठरलेला असतो.

## ६. उड्या

तीन गोष्टी लक्षात ठेवा, म्हणजे उड्यांचे बहुतेक वाद मिटतात.

किचनमधून उडी मारून हवेत व्हॉली मारली आणि बाहेर उतरलात, तर फॉल्ट. निघालात तिथला स्पर्श मोजला जातो.

बाहेरून उडी मारून व्हॉली मारली आणि किचनमध्ये उतरलात, तरीही फॉल्ट. उतरणं झोकाचाच भाग आहे.

बाहेरून उडी, किचनचा कोपरा हवेतून ओलांडून व्हॉली, आणि साइडलाइनच्या पलीकडे उतरणं, हे वैध. याच फटक्याला अर्नी म्हणतात. किचन साइडलाइनपाशी संपतं, तिच्या बाहेरची जमीन किचन नाही. उडी न मारता किचनमधून धावत पलीकडे गेलात तर मात्र चेंडू मारण्याआधी दोन्ही पाय बाहेर टेकायला हवेत. आणि साइडलाइनवर बूट उतरला तर सगळं पाण्यात, कारण तो तुकडा किचनचा आहे.

सावध : अर्नी मारताना नेटच्या खांबाजवळ उतरावं लागतं, आणि नेटला अंग किंवा पॅडल लागलं की तो वेगळा फॉल्ट. चेंडू नेटच्या आपल्या बाजूला असतानाच मारायचा असतो, त्यानंतर हात नेटच्या पलीकडे गेला तरी चालतो. पाचव्या टप्प्यात अजून चुका होत असतील तर हा फटका शिकायची घाई करू नका.

## ७. सर्व्हला रेषा उलटी लागते

सर्व्ह किचनच्या पलीकडे, तिरप्या बाजूच्या चौकोनात पडायला हवी. किचनच्या रेषेवर पडलेली सर्व्ह म्हणजे फॉल्ट, तर बाकीच्या रेषांवर पडलेली चांगली. रॅली चालू झाल्यावर मात्र किचनमध्ये किंवा तिच्या रेषेवर पडलेला चेंडू आतच धरतात. सर्व्ह नेटला घासून योग्य चौकोनात पडली तर खेळ चालू ठेवा, ती पुन्हा मारायची नसते. ती पद्धत २०२१ साली बंद झाली, पण जुन्या सवयीने अजून काही जण थांबतात आणि आयता गुण देऊन बसतात.

व्हीलचेअरवर खेळणाऱ्यांसाठी पायांच्या जागी मागची चाकं मोजली जातात. पुढची लहान चाकं व्हॉलीच्या वेळी किचनला लागली तरी चालतात, आणि या खेळाडूंना चेंडूचे दोन टप्पे घेण्याची मुभा असते. मिश्र गटात खेळताना हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे रॅलीच्या मध्ये कोणाला हात वर करावा लागत नाही.

## ८. फॉल्ट कोणी सांगायचा

पंच नसलेल्या सामन्यात पहिली जबाबदारी स्वतःची. आपला बूट रेषेला लागला हे बहुधा आपल्याच पायाला आधी कळतं. जोडीदाराचा फॉल्ट दिसला तर तोही लगेच सांगायचा. तुम्ही मारत असताना तुमचे डोळे चेंडूवर असतात, म्हणून तुमच्या पायांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याच्या पायांवर तुमचं. जोडी जमवताना हे एकदा बोलून घ्या, नाहीतर भर सामन्यात जोडीदाराने फॉल्ट सांगितला की माणूस नाराज होतो.

समोरच्या बाजूचा किचन-फॉल्टही तुम्ही सांगू शकता. त्यांना तो मान्य नसेल तर वाद घालत बसायचं नाही, ती रॅली पुन्हा खेळायची. फॉल्ट दिसल्याबरोबर मोठ्याने "किचन!" म्हणा आणि हात वर करा. रॅली हरल्यावर आठवलेला फॉल्ट कोणी मानत नाही.

पाय रेषेला लागला की नाही हे खात्रीने दिसलं नसेल, तर गप्प राहा आणि पुढचा चेंडू खेळा. तुमच्या कोनातून चार बोटांचं अंतरही चिकटल्यासारखं दिसू शकतं. पहिल्या टप्प्यात जोडीदाराला बाजूने उभं करून बुटापुढचा जमिनीचा रंग बघायला सांगितला होता, तो याचसाठी.